३० मीटरच्या दुर्बिणीचं ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स: सूत्रं पुरेत की सिम्युलेशन हवंच?

होळकरी_मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची इथे इंदूरला फिजिक्समध्ये एमएस्सी करते. प्रकल्पाचा विषय मिळालाय: ३० मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेने बिघडलेली प्रतिमा जागच्या जागी सुधारणं) किती चांगलं चालेल याचं सिम्युलेशन. गाईडचं म्हणणं, सगळी साखळी चालव. खवळलेल्या हवेचा पडदा, सेन्सर, वाकणारा आरसा, कंट्रोल लूप आणि शेवटी ताऱ्याची प्रतिमा. हाताशी काय, तर १६ जीबीचा एक लॅपटॉप आणि विभागातला एक कॉम्प्युटर, त्यावर आधीच चौघांची रांग.

मी पॉलिटेक्निकात कंट्रोल सिस्टिम शिकवायचो, खगोलशास्त्राशी संबंध नाही. पण तिच्यासोबत वाचत गेलो आणि माझं ठाम मत झालंय की एवढा खटाटोप नको. सगळ्या चुकांची सूत्रं तयार आहेत. हवा किती शांत आहे ते सांगणारी फ्राइड लांबी ५०० नॅनोमीटरला १५ सेंमी धरा (चांगल्या जागी १० ते २० असते). ती तरंगलांबीच्या ६/५ घाताने वाढते, म्हणजे २.२ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात साधारण ८९ सेंमी. आरशाला मागून ढकलणारे ॲक्च्युएटर ५० सेंमी अंतरावर असतील, तर आरशाला न जमलेली चूक = ०.२८ × (५० ÷ ८९) चा ५/३ घात, म्हणजे ०.१०७ रेडियन वर्ग. त्यावरून स्ट्रेल गुणोत्तर, म्हणजे आदर्श प्रतिमेच्या मानाने मधल्या ठिपक्याची उंची, ९० टक्के. असेच विलंबाचे, फोटॉन कमी पडल्याचे आकडे काढा, बेरीज करा, झालं. पेन, कागद आणि एक कप चहा.

मग रात्ररात्र लॅपटॉप तापवून जास्तीचं काय हाती लागणार? जाणकारांनी सांगावं. माझं चुकत असेल तर खुशाल झोडपा.

जिरावण
मामा, इंदुरात मे महिन्यात लॅपटॉप नुसता ठेवला तरी तापतो, त्यासाठी सिम्युलेशन कशाला भिया!
पण आमच्यासारख्यांना आधी हे तरी सांगा, आरसा वाकवतात म्हणजे काय? इतका महागाचा आरसा मुद्दाम वाकडा करायचा?

होळकरी_मामा
@जिरावण, सराफ्यात रात्री जिलबीच्या कढईपलीकडे उभ्या माणसाचा चेहरा बघितलायस ना? हलतो, पसरतो. दुर्बिणीला तारा तसाच दिसतो. गरम-थंड हवेचे भोवरे प्रकाशाची सपाट लाट चुरगाळून टाकतात. ही चुरगळ सेकंदाला पाचशे-हजार वेळा मोजायची आणि एका पातळ आरशाला उलट्या बाजूने तेवढंच वाकवून लाट पुन्हा सपाट करायची. मुख्य आरसा नाही वाकवत, बहुतेक ठिकाणी मागचा एक वेगळा लहान आरसा. कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ सालीच मांडली होती, पण तेवढा वेगवान सेन्सर आणि कॉम्प्युटर तेव्हा होता कुठे.

सुरसागर_काठी
बडोद्याहून. मी खगोलवाला नाही, मोठ्या मॅट्रिक्स पळवणं हा माझा धंदा. त्यामुळे आधी हिशोब.
युरोपची ३९ मीटरची दुर्बीण चिलीत उभी राहतेय. तिच्या वाकणाऱ्या आरशाला पाच हजारांवर ॲक्च्युएटर आहेत. सेन्सरचे सुमारे ५००० कप्पे, प्रत्येकाचे दोन उतार, म्हणजे १०,००० आकडे. दर चौकटीला, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक मोजणीला, ५००० × १०,००० च्या मॅट्रिक्सने गुणायचं. पाच कोटी नोंदी, चार बाइटच्या हिशोबाने २०० एमबी. सेकंदाला ५०० वेळा म्हणजे १०० जीबी प्रति सेकंद नुसती मेमरीतून वाचायची. गुणाकाराला कोणी घाबरत नाही, अडतं ते मेमरीच्या वेगावर. भाचीच्या लॅपटॉपचा वेग याच्या निम्मा असेल.
आता चांगली बातमी. सिम्युलेशनला खऱ्या घड्याळासोबत पळायची सक्ती नाही. एक सेकंद आकाश चालवायला एक तास लागला तरी कोण विचारतंय.

निशाचर_पुणे
मामासाहेब, झोडपायची परवानगी दिलीच आहे, तर घेतो. :)
तुमचा ९० टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, पण तो फक्त एका चुकीचा आहे आणि सगळ्यात सोज्वळ चुकीचा. सूत्रांच्या बेरजेत एक गृहीतक दडलंय, की चुका एकमेकींशी बोलत नाहीत. प्रत्यक्षात बोलतात. सेन्सर पिरॅमिड प्रकारचा असेल (रागाझ्झोनी यांनी १९९६ मध्ये सुचवलेला, आता मोठ्या दुर्बिणींचा लाडका), तर त्याची संवेदनशीलता उरलेल्या चुकीवरच अवलंबून असते. हवा बिघडली की सेन्सर प्रत्येक चूक कमी करून सांगतो, मग लूप मऊ पडतो, मग चूक आणखी उरते. हे चक्र सरळ बेरजेत कुठे बसवणार?
दुसरं, स्ट्रेल काढायला तुम्ही वापरलेलं घातांकी सूत्र चूक लहान असतानाच चालतं. तोच आरसा, तीच हवा, पण ५०० नॅनोमीटरला करून बघा. चूक येते २ रेडियन वर्गाच्या वर आणि सूत्र सांगतं स्ट्रेल साधारण १२ टक्के. त्या भागात या सूत्रावर मी एक रुपया लावणार नाही.

उगाच_एक
हे करून ताऱ्यांचं लुकलुकणंही बंद होतं का?

निशाचर_पुणे
@उगाच_एक, नाही. लुकलुकणं म्हणजे उजेड कमी-जास्त होणं, आणि ते मुख्यतः वरच्या थरांतल्या हवेमुळे. वाकणारा आरसा लाटेचा आकार सुधारतो, तिचा उजेड नाही. शिवाय मोठ्या आरशावर लुकलुकणं आपोआपच सरासरीत विरून जातं. आपल्या डोळ्याची बाहुली इवलीशी म्हणून आपल्याला ते इतकं दिसतं.

होळकरी_मामा
@निशाचर_पुणे, पिरॅमिडचा मुद्दा मान्य. पण तिचा सेन्सर शॅक-हार्टमन आहे, बारीक भिंगांची जाळी. तो बऱ्यापैकी सरळ रेषेत वागतो. मग?
आणि लूपबद्दल म्हणाल तर तो माझा प्रांत. साधा इंटिग्रेटर, एका चौकटीचा विलंब असेल तर गेन (मोजलेल्या चुकीचा किती भाग एका वेळी दुरुस्त करायचा) २ च्या आत हवा. विलंब दोन चौकटींचा झाला की समीकरण होतं झेडवर्ग − झेड + जी = ०, मुळांचा गुणाकार जी, म्हणजे मर्यादा थेट १ वर येते. हे पोरांना मी फळ्यावर दहा मिनिटांत दाखवायचो. प्रत्यक्षात ०.३ ते ०.५ ठेवतात, तेही पटतं. यासाठी सिम्युलेशन कशाला?

जिरावण
झेडवर्ग बघून मी उठून पोहे आणायला गेलो होतो. काय काय झालं मधे?

चिलीची_मिरची
@होळकरी_मामा, मी युरोपात ऑप्टिक्सच्या कामात आहे, म्हणून एक किस्सा सांगते. किस्सा खरं तर तुमच्या बाजूचाही आहे आणि विरुद्धही.

चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवर स्फिअर नावाचं उपकरण आहे, ताऱ्याशेजारचे ग्रह टिपायला बनवलेलं. २०१४ मध्ये ते सुरू झालं आणि एक विचित्र गोष्ट दिसली. वारा जवळपास पडला, हवा एकदम शांत झाली, म्हणजे ज्या रात्रीची सगळे वाट बघतात तशी रात्र आली, की प्रतिमा बिघडायची. मधल्या ठिपक्याला बाजूला कान फुटायचे. कारण निघालं दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत. त्या रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात, वारा नसला की त्यांच्या एका बाजूला थंड हवेचा थर साचतो, आणि पट्टीच्या अलीकडची लाट पलीकडच्या लाटेपेक्षा पुढे-मागे होते. शॅक-हार्टमन उतार मोजतो. दोन तुकड्यांमधली अशी पायरी त्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे लूप समाधानी, आकडे उत्तम, प्रतिमा खराब.

शेवटी पट्ट्यांवर कमी उष्णता फेकणारा लेप लावला, तेव्हा बरंचसं निवळलं.

आता बघा, हे ना सूत्रात होतं ना सिम्युलेशनमध्ये, कारण पट्टीभोवतीचा थंड थर कोणी घातलाच नव्हता. इथवर तुमची बाजू. पण एकदा कळल्यावर ३९ मीटरच्या दुर्बिणीसाठी हाच प्रश्न आधीच तपासायचा म्हटलं, तर सूत्र कुठाय? तिच्या सहा पट्ट्या तर अर्धा-अर्धा मीटर जाड, म्हणजे आरशाच्या जणू सहा वेगळ्या फाकी. फाकींमधली पायरी लूप ओळखतो की नाही, हे फक्त साखळी चालवूनच कळतं. तिथे लोक आज यावरच डोकं फोडतायत.

निशाचर_पुणे
+१. आणि मामा, लेझर ताऱ्याचा हिशोबही बघा. ९० किमी उंचीवर सोडियमचा थर आहे, त्यावर ५८९ नॅनोमीटरचा लेझर मारून कृत्रिम तारा पेटवतात. पण तो जवळ असल्याने प्रकाश शंकूतून येतो. १० किमी उंचीवर शंकू एक-नवमांशाने अरुंद झालेला असतो, म्हणजे ३० मीटरच्या जागी पावणेसत्तावीस. कडेची दीड-पावणेदोन मीटरची कड लेझरला दिसतच नाही. लहान दुर्बिणीला हे खपून जातं, मोठीला नाही. म्हणून टीएमटीच्या, म्हणजे थर्टी मीटर टेलिस्कोपच्या, योजनेत सहा लेझर तारे आणि दोन वाकणारे आरसे आहेत, एक जमिनीलगतच्या हवेसाठी आणि दुसरा सुमारे ११ किमी वरच्या हवेसाठी. त्यात पुन्हा लेझर अख्खी प्रतिमा डावी-उजवीकडे सरकणं मोजू शकत नाही, कारण तो वर जाताना आणि खाली येताना सारखाच हलतो. त्यासाठी खरे तारे लागतातच. इतक्या गोष्टी एकत्र आल्या की कागद पुरत नाही.

रेवाकाठ
टीएमटी टीएमटी चाललंय खरं, पण ती होणार आहे का? हवाईत मौना केआवर २०१९ पासून काम अडलंय. डोंगर तिथल्या मूळ लोकांना पवित्र आहे, त्यांचं म्हणणं नुसतं भावनेचं म्हणून उडवून लावता येणार नाही. भारत भागीदार आहे, आरशाचे तुकडे घासण्याचं कामही आपल्याकडे आहे, म्हणून जीव तुटतो. पण भाचीने अशा दुर्बिणीवर प्रकल्प करावा जी उभी राहील की नाही ठाऊक नाही?

चिलीची_मिरची
@रेवाकाठ, सिम्युलेशनचा फायदाच तो ना, दुर्बीण उभी असायची गरज नसते. शिवाय गणित टीएमटीचं नाही, ३० मीटरचं आहे.

अवंती_रहिवासी
अवांतर करतो, माफी. मूळचा उज्जैनचा, आता इंदुरात. आपल्याकडे जयसिंहांनी १८व्या शतकात दगडी वेधशाळा बांधली आणि आपण हवाई नि चिली करत बसलोय. 'शब-ए-मालवा' म्हणून आपल्या रात्री उगाच का गाजल्या? माळव्यातच का नाही लावत मोठी दुर्बीण?

निशाचर_पुणे
@अवंती_रहिवासी, रात्री अंगाला गार लागते म्हणजे दुर्बिणीला सुख, असं नाही. दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते आणि त्या उलाढालीत जमिनीलगतची हवा ढवळून निघते. बहुतेक ठिकाणी एकूण बिघाडाचा मोठा वाटा या खालच्या थराचाच असतो. म्हणून दुर्बिणी डोंगरमाथ्यावर, समुद्राकडून वारा येतो अशा जागी. आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने जातात ते वेगळेच.
तुमच्या जवळचं चांगलं उदाहरण उदयपूरचं. तिथली सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे. सूर्य बघायचा तर भर दुपारी बघावा लागतो, भोवती पाणी असलं की जमीन तापून होणारा खळबळाट कमी. तिथल्या अर्ध्या मीटरच्या सौर दुर्बिणीसाठी ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्सवर काम झालंय. आणि आमच्या पुण्याची आयुका तर रोबो-एओ या ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्सच्या प्रकल्पात कॅलटेकची भागीदार होती. तेव्हा आपल्याकडे काहीच नाही असं नको.

जिरावण
म्हणजे पिपल्यापाला तलावात दुर्बीण लावता येईल! महापौरांना कळवतो. स्वच्छतेत पहिले आहोतच, आता आकाशही पुसून घेऊ.

सुरसागर_काठी
परत कामाचं. ३० मीटरचं पूर्ण सिम्युलेशन करायचंच ठरलं तर एक खड्डा सांगून ठेवतो, यात बरेच लोक पडतात.
लोक ५०० चौकटी चालवतात, म्हणजे ५०० हर्ट्झला एक सेकंद, आणि सरासरी स्ट्रेल छापून मोकळे होतात. वारा १० मीटर प्रति सेकंद धरलात तर त्या एका सेकंदात हवेचा पडदा फक्त १० मीटर सरकला. ३० मीटरच्या आरशावरून हवा एकदा पुरती बदलायलाच तीन सेकंद लागतात. म्हणजे तुम्ही सरासरी नाही, हवेचा एकच नमुना मोजलाय. मोठ्या आकाराच्या चुका सावकाश बदलतात, त्यांची नीट सरासरी यायला अशी अनेक ओलांडणी हवीत, किंवा यादृच्छिक आकड्यांना वेगवेगळे बीज (सुरुवातीचा आकडा) देऊन अनेक पडदे. ८ मीटरला हे एका सेकंदाच्या आत होतं, म्हणून त्या सवयीने ३० मीटरला फसगत होते.
दुसरा खड्डा: फुरिए रूपांतराने बनवलेला पडदा उजव्या कडेला संपला की डावीकडून पुन्हा तोच सुरू होतो. लांब चालवलंत तर तीच हवा परत येते. मोठा पडदा घ्या, नाहीतर नवीन ओळी जोडत वाढणारा पडदा वापरा, ती पद्धत उपलब्ध आहे.

होळकरी_मामा
@सुरसागर_काठी, हा मुद्दा फार आवडला. पण हा सिम्युलेशनच्या विरुद्धच जातो ना? जे चालवायला इतकं लागतं आणि तरी सरासरी येईना, त्यापेक्षा सूत्र बरं. सूत्र निदान अनंत काळाची सरासरी देतं.

सुरसागर_काठी
@होळकरी_मामा, तुम्ही विद्यार्थ्यांना मार्क द्यायला त्रास देत असणार. :)

निशाचर_पुणे
मूळ प्रश्नाकडे येऊ, नाहीतर धागा माळव्यातच फिरत राहील.

मामा, सूत्र विरुद्ध सिम्युलेशन अशी लढत लावू नका. ज्यांना खरी दुर्बीण बांधायचीय ते दोन्ही करतात. शेकडो पर्याय चाळायला सूत्रं, किंवा फुरिए पद्धतीची जलद गणितं, जी प्रतिमेचा आकारही देतात. त्यातून उरलेल्या दोन-चार पर्यायांसाठी पूर्ण साखळी. आणि सूत्राचा सर्वात मोठा उपयोग कुणी बोललंच नाही: सिम्युलेशन बरोबर लिहिलंय का ते त्यानेच कळतं.

भाचीला म्हणावं, पहिल्याच दिवशी ३० मीटरला हात घालू नकोस. ८ मीटर घे. एक तारा, एक आरसा, हवेचा एकच थर. फोटॉनचा गोंधळ बंद, विलंब शून्य. मग उरायला हवी मुख्यतः आरशाची चूक, तुमची ती ०.२८ वाली. ती जुळली की एकेक त्रास चालू करायचा आणि प्रत्येक वेळी वाढलेली चूक सूत्राशी ताडायची. जिथे दोन्ही फाटतात तिथे खरा प्रकल्प सुरू होतो. ३० मीटर शेवटी, तेही विभागाच्या मशीनवर, चौघांची रांग संपल्यावर.

स्वतः सगळं लिहायची गरज नाही. पायथनमध्ये ओओपीएओ आहे. टीएमटीच्या कामासाठी लिहिलेलं मावस सी भाषेत आहे, वेगवान आहे आणि खुलं आहे. पॅरिसच्या मंडळींचं कंपास ग्राफिक्स कार्डावर पळतं. पण पडदा मात्र तिने एकदा स्वतः लिहावा. तिथेच सगळं शिकायला मिळतं.

चिलीची_मिरची
सहमत, एक भर. सेन्सरच्या आकड्यांवरून आरशाला आज्ञा काढणारी मॅट्रिक्स त्याच सिम्युलेशनमध्ये, तोच आरसा अगदी तिथेच धरून काढली, तर सगळं सुंदरच दिसणार. आरसा सेन्सरच्या जाळीपासून एक-दशांश कप्पा सरकवून बघा. खऱ्या दुर्बिणीत तो सरकतोच, फिरतोही.

पोहे_आणि_फोटॉन
नमस्कार, मीच ती भाची. मामाने धागा काढलाय हे मला काल जेवताना कळलं. सगळ्यांचे आभार, निशाचर काका आणि मिरची ताईंचे विशेष.
८ मीटरचं सुरू केलंय. आरशाची चूक सूत्राशी अगदी छान जुळतेय. पण लूप उघडा ठेवून, म्हणजे आरसा न हलवता, पडद्याची एकूण चूक मोजली, तर ती सूत्रापेक्षा बरीच कमी येते. सूत्र: १.०३ × (व्यास ÷ फ्राइड लांबी) चा ५/३ घात. उतार (अख्खी लाट एका बाजूला कलणं) काढून टाकल्यावर उरणारी, म्हणजे १.०३ च्या जागी ०.१३४ वाली, ती मात्र बरीच जवळ येते. म्हणजे गडबड उतारातच आहे ना? बाह्य लांबी, म्हणजे हवेतल्या सर्वात मोठ्या भोवऱ्यांचा आकार, मी २५ मीटर घेतलीय.

सुरसागर_काठी
शाब्बास, प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. एकूण चुकीतला ८७ टक्के वाटा उताराचाच असतो, म्हणून तो घसरला की बेरीज कोसळते. संशयित दोन. एक, सूत्र बाह्य लांबी अनंत धरतं, तू २५ मीटर. म्हणजे मोठे भोवरे तू स्वतःच कापलेस. ते खरं भौतिक आहे, चूक नाही. दोन, फुरिए पडद्यात पडद्यापेक्षा मोठे भोवरे मावतच नाहीत, आणि हा मात्र गणिताचा दोष. त्यावर लेन, ग्लिंडेमान आणि डेन्टी यांनी १९९२ मध्ये उपसंनादी (पडद्यापेक्षा लांब लाटा) जोडायची युक्ती दिलीय. बाह्य लांबी १० किलोमीटर कर आणि उपसंनादी आधी बंद, मग चालू करून बघ.

होळकरी_मामा
म्हणजे इथे सूत्रच अनंताच्या गोष्टी करतं आणि सिम्युलेशन जास्त खरं? बरं बाई, लिहून ठेवतो.

पोहे_आणि_फोटॉन
केलं काका. बाह्य लांबी वाढवून, उपसंनादी बंद: थोडंच वाढलं. चालू: सूत्राच्या अगदी जवळ. परत २५ मीटरला आणलं, उपसंनादी चालूच ठेवले, तर पहिल्या आकड्याच्या आसपासच. पडदा ६४ मीटरचा होता, म्हणजे २५ मीटरसाठी तो तसा पुरतच होता.
गाईडना दाखवलं. ते म्हणाले, आता विलंब चालू कर. दोन चौकटींचा ठेवलाय, गेन ०.४. मामा म्हणतो १.१ करून एकदा फुटताना बघू.